खोडावरची कादंबरी

“त्या झाडाला हात लावू नका! शेवटचं प्रकरण राहिलंय माझं!”

झाई गावातले आमचे शेजारी काका असे ओरडतात की सीमेपलीकडे गुजरातेत म्हशी पान्हा चोरतात. हातातल्या प्रत्येक कादंबरीला ते वाडीतलं एक चिकूचं झाड देतात. खोडावर चुन्याने तिचं नाव आणि कुठवर वाचलं ते लिहितात. ती संपेपर्यंत त्या झाडाचं फळ उतरवायचं नाही.

परवा टेम्पो दारात उभा, चिकू मऊ पडायला आलेले, तोडणाऱ्या बायका हसत बसलेल्या. कादंबरीतली नायिका आजारी होती, म्हणून काका पुढे वाचायलाच घाबरत होते.

“अहो, ती जगते का ते तरी कळू द्या!” काका बायकांना विनवत होते.

काकी सुपारी कातरत बाहेर आल्या.

“मी कालच वाचली. मरते ती. उतरवा गं चिकू.”