खेळाच्या तासाचे सर

"आधी पाय बघू."

शाळेत नवं पोर आलं की आम्ही त्याचं नाव-गाव विचारायचो. आमचे खेळाचे सर मात्र खाली वाकून त्याचे पाय बघायचे. टाच कशी टेकवतो, चवडा कसा उचलतो. मग मान हलवून म्हणायचे, "पळंल. लई पळंल." पोर खूश, सोडायला आलेली आई त्याहून खूश. 'हे न्हाय पळायचं' असं त्यांनी एकाही पोराबद्दल म्हटलेलं मला आठवत नाही.

वाशी तालुक्यातल्या त्याच शाळेत मी चित्रकला शिकवतो. तुम्ही शाळेत गेला असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे, चित्रकला आणि खेळ हे विषय वेळापत्रकाची शोभा वाढवायला असतात. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात येऊन गोड हसतात, "आज तुमचा तास घेऊ का?" आणि परीक्षा कायमच जवळ आलेली असते.

माझा तास गेला की मी चहाला जातो. सरांचा तास गेला की ते मैदान आखायला घेत. पांढऱ्या फक्कीनं खो-खोच्या रेषा मारायच्या, खांबांभोवतीचे खडे वेचायचे आणि मग लिंबाखाली बसून त्या रिकाम्या मैदानाकडं बघत राहायचं.

"कुणासाठी आखता हो?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"एखाद्या वर्गाला येळ गावला तर? आखल्यालं असावं."

सर मूळचे माकणीचे. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन सोलापूरला. इथं शाळेजवळ एका खोलीत ते एकटेच राहायचे. रविवार त्यांना खायला उठायचा. एका रविवारी मी शाळेवरून जात होतो, तर हे खेळाच्या खोलीत बसून व्हॉलीबॉलमध्ये हवा भरत होते. "जरा कमी वाटली," म्हणाले. तो बॉल आठवडाभर कुणी हातात घेतला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

ते निवृत्त व्हायला आले तेव्हा मुख्याध्यापकांनी निरोपाच्या शालीची गोष्ट काढली. सर म्हणाले, "शाल ऱ्हाऊ द्या. मला दहावीचा एक तास द्या. पुरा."

"बोर्डाचं वर्ष आहे, सर," मुख्याध्यापक घुटमळले. पण दिला.

त्या दिवशी सर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत मैदानावर हजर. पोरं रांगेनं आली आणि सवयीनं गणिताच्या वह्या, कंपासपेट्या घेऊनच आली. सरांना हसू आलं. "ठिवा तिकडं. बसा चौकोनात."

आठ जण आठ चौकोनांत बसले. आठांचीही तोंडं एकाच बाजूला, सरांकडं.

खो-खोत शेजारशेजारच्यांची तोंडं उलट दिशांना असतात, हे पूर्वी आमच्याकडं शेंबडं पोरही सांगायचं. ही दहावीची पोरं फळ्यासमोर बसावं तशी बसली होती. सरांनी ओठांशी नेलेली शिट्टी तशीच खाली सोडली. मग एकेकाच्या मागं जाऊन, खांदे धरून एकाआड एक वळवत गेले. "तू तिकडं बघ, बाळा. तू हिकडं."

समजावण्यातच निम्मा तास गेला. पण मग खेळ रंगला. एका पोरीनं सूर मारून गडी टिपला, गुडघे खरचटून घेतले आणि सगळा वर्ग असा ओरडला की व्हरांड्यात मास्तर लोक गोळा झाले.

घंटा झाली. पोरांनी वह्या उचलल्या आणि रांगेनं वर्गात गेली. सर खांबाला टेकून उभे होते. "अजून येक डाव पायजे हुता," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

त्यांची जागा अजून भरलेली नाही. मैदानावर सराटे माजलेत. सर माकणीला असतात आणि मला अधूनमधून फोन करतात. परवा भर दुपारी केला.

"चित्रकलावाले, आता कंचा तास चालू हाय?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मैदानात एक शेळी चरत होती. शेजारच्या वर्गात फळ्यावर खडू वाजत होता.

"दहावीचा. खेळाचा," मी म्हणालो.

पलीकडं सर थोडा वेळ कान देऊन थांबले.

"मग पोरांचा आवाज कसा येईना?"

"रेंज नाही हो, सर, इथं."