बांधाकडच्यानं सांगायची तारीख

तात्या गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. मी भाजी फोडणीला टाकली होती, ती करपली तरी मी फोन कानाला धरून उभीच. "कुणाला तरास न्हाय दिला, झोपेतच गेलं," ती म्हणाली. लोक अशा मरणाला भाग्य म्हणतात. मला तर रागच आला. चार दिवस आजारी पडायचं होतं, मी भेटायला तरी आले असते… पाच आठवडे झाले, राग अजून गेलेला नाही.

नामातात्या इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात ऊस-नोंदणीचे प्रमुख होते. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली कॉम्प्युटरवर नोंदी भरायची. त्यांच्या आजोबांच्या काळापर्यंत घरी मेंढरं, मग बावड्याला जमीन झाली. मी लासुर्ण्याहून एसटीनं यायची. पाच मिनिटं उशीर झाला की खुर्चीतूनच, "या पाव्हणं, च्या घेणार का?" असं म्हणत जीव जाळायचे. मीही ऐकून घेणारी नव्हते. "एसटी काय माझ्या बापाची हाय?" म्हणून मोकळी व्हायची.

आमच्या खोलीत चार कॉम्प्युटर होते आणि ते सगळे तारांनी एका मुख्य मशीनला, सर्व्हरला, जोडलेले. कुणी कधी ऊस लावला ती तारीख त्या सर्व्हरमध्ये. तारखेवरून तोडीचा नंबर लागायचा. नंबर मागं गेला की ऊस रानात वाळणार. त्या वर्षी मोठ्या हौसेनं कागदी वह्या बंद केलेल्या, कॉम्प्युटरवर भरून झालेल्या नोंदीच्या चिठ्ठ्या रद्दीत घातलेल्या. आणि नेमकी सर्व्हरची डिस्क खरखरायला लागली, जात्यात खडा अडकावा तशी. कारखाना सुरू व्हायला थोडे दिवस उरलेले. बारामतीहून नवा सर्व्हर मागवला. जुन्यातल्या नोंदी टेपवर उतरवायच्या आणि टेपवरून नव्यात, असं ठरलं.

आता माझा पराक्रम ऐका. खंडेनवमीला ऑफिसातल्या सगळ्या मशीनींची पूजा व्हायची. मला वाटलं, बिचारा जुना सर्व्हर आता निघाला, त्याची पूजा तरी साग्रसंगीत करावी. झेंडूचा हार घातला आणि टेप घालायच्या खोबणीवर सढळ हातानं हळद-कुंकू लावलं. दसऱ्यानंतर बारामतीचा इंजिनिअर आला, त्यानं टेप सारली. कर्रर्र आवाज झाला. बाहेर काढली तर लालभडक आणि चुरगाळलेली. आमच्याकडं टेप एकच, तिच्यावरच दर आठवड्याला नव्यानं उतरवायचो.

"मीच केलं," मी म्हणाले. तात्यांनी खोबणीत वाकून बघितलं. "सुनंदे, कुंकू कपाळाला लावत्यात गं. तू नाकात घातलंस." कुणी हसलं नाही, तेही नाही.

इंजिनिअर म्हणाला, "आता तारेवरून एकेका गावाच्या नोंदी ओढायच्या. डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. महत्त्वाचं आधी घ्या."

"म्हंजी कुणाचा ऊस बिनमहत्त्वाचा हाय, तेवढं सांगा," तात्या म्हणाले. मग त्यांनी स्वतः गावांची यादी केली. बावडा सगळ्यात शेवटी.

"तात्या, बावडा आधी घ्या की!"

"माझ्याच गावापासनं सुरवात केली तर उद्या लोकांना तोंड दाखवू का?"

एक गाव उतरलं की ते कागदावर खूण करायचे. डिस्क खरखरायची, थांबायची, पुन्हा खरखरायची. लासुर्णं उतरलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच लाजही वाटली. दुपारी तीनच्या सुमारास बावडा सुरू झाला. खट् असा आवाज आला. मग काहीच नाही… तात्या बराच वेळ त्या गप्प मशीनवर हात ठेवून बसले. मला भडाभडा रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वही घेऊन बावड्यात, सोसायटीच्या ओट्यावर. सगळा गाव जमलेला आणि तापलेला. तारखा विचारल्या असत्या तर जो तो दोन महिने आधीची सांगणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तात्या उठून म्हणाले, "आपली तारीख आपण सांगायची न्हाय. बांधाकडच्यानं सांगायची." नुसता गलका. पण शेजारी शेजाऱ्याला फुकटचा महिना कशाला देईल? एकेक जण कुरकुरत सांगत गेला, मी लिहीत गेले.

शेवटी तात्यांचं नाव आलं. त्यांच्या बांधाला महादूआबा, आणि दोघांची बांधावरूनच कोर्टात केस चाललेली.

"संक्रांतीला," महादूआबा म्हणाले.

तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडून वही घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, संक्रांत.

त्यांचा नंबर मागं गेला तो गेलाच. तोड आली तेव्हा ऊन तापलेलं, उसाची चिपाडं झालेली. घरात महिनाभर त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. मीही भांडले, "तुमची तारीख तुम्हाला ठाऊक होती ना?" तर म्हणाले, "नियम माझाच की."

दहाव्याला मी नदीवर गेले होते. महादूआबा काठी टेकत माझ्यापाशी आले. केस कधीच मिटलेली.

"बाई, ती वही हाय का अजून?"

"आहे. माझ्याच कपाटात."

"संक्रांत न्हवती. चंपाषष्ठी हुती. देवाचं करून आला आन् भंडाऱ्यानं पिवळ्या हातानंच कांड्या लावत बसला. म्या बांधावरनं बघितलं." ते नदीकडं बघत राहिले. "त्यानं एकदा जरी खोटारडा म्हणलं असतं ना…"

 

घरी येऊन वही काढली. तात्यांचं अक्षर तिरकं, घाई केल्यासारखं. तीस वर्षांपूर्वीच्या तारखेनं आता कुणाच्या रानातलं पान हलणार नाही, हे मला कळतं. पण बांधाकडच्यानं सांगितलं की लिहायचं, असं ठरलेलं. मी संक्रांत खोडली आणि पुढं चंपाषष्ठी लिहिलं.