आग न देणारी

१९५५ सालचा ऑक्टोबर सरत आला होता आणि मी घरापुढच्या खळ्यात भात उकडत होते. उकड्या तांदळाचे काम वेळखाऊ. आदल्या दिवशी भात भिजत घालायचे, सकाळी मोठ्या तांब्याच्या भांड्यात चढवायचे, दाणा फुटला की उपसून चटयांवर पसरायचे. आमच्याकडे दोन घरच्या बायका मिळून हे करतात. मी एकटी करत होते, कारण मला सोबतीण नको होती, धूर हवा होता. खळ्यातला जाळ मोठा असला की मागच्या मांगरातला धूर कोणाच्या नजरेत भरत नाही.

मांगर म्हणजे शेताची अवजारे आणि गवत ठेवायची खोपटी. त्यात गवताच्या गंजीमागे माझा धाकटा भाऊ निजला होता. त्याच्यासाठी मी तिथे तीन दगडांची चूल मांडली होती. पेज, काढा, गरम पाणी सगळे तिथेच. घरातून पेजेचे भांडे घेऊन रोज मागे जाणारी बाई लोकांच्या ध्यानात येते.

माझे माहेर पेडण्याकडचे, तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीतले. सासर बांद्याजवळ. मधे नदी. माझे लग्न झाले तेव्हा होडीत बसून उतरायचे आणि वर चढायचे, एवढेच ते अंतर होते. पण १९५५ साली सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि हद्द बंद झाली. भाऊ पलीकडे गोव्याच्या मुक्ततेची पत्रके वाटत असे. पोलीस मागावर होते. आईवडिलांनी तो मुंबईला बोटीवर लागला असे सांगून ठेवले होते. नवरात्रात तो तापाने फणफणलेला माझ्या दारात आला. बरे वाटले की त्याला परत जायचे होते. तो हद्दीलगत आहे अशी नुसती कुणकुण पलीकडे लागली असती, तर आधी वडिलांना उचलले असते आणि मग नदी उतरताना त्याला.

अलीकडे आपले राज्य असताना लपवायचे कशाला, असे आज कोणी विचारील. पण चोरटा माल नेणारे-आणणारे त्या वेळी दोन्हीकडे फिरत. मालाबरोबर बातमीही जात असे, आणि बातमीला वजन नसते. म्हणून मी गावात कोणावरच विश्वास ठेवत नव्हते. सगळ्यांत कमी विश्वास होता तो आमच्या पडवीत राहणाऱ्या मास्तरांवर.

ते घाटावरचे. बांद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जूनमध्ये आले. नवरा मुंबईला गोदीत, घरात मी आणि कानांनी अधू झालेल्या सासूबाई. पडवी रिकामी होती म्हणून ठेवून घेतले. माणूस वागायला नीट होता. जेवणाला नावे ठेवत नसे, आंघोळीचे पाणी स्वतः काढत असे. पण त्यांना कोणी भेटायला येत नसे, आणि रविवारी ते एकटेच नदीच्या बाजूला फिरायला जात. नदीकडे फिरायला जाण्यासारखे काय होते? चिखल आणि पोलीस.

संध्याकाळी वाडीतली पाच-सहा मुले त्यांच्याकडे शिकायला येत. नवरात्र सरल्यावर त्यांनी एक इंग्रजी कविता काढली. ती मी माजघरातून ऐकत असे. कविता कळत नसे, अर्थ कळे, कारण मास्तर तो मराठीत सांगत. ग्रीक पुराणात कोणी एक होता. देवांच्या राजाने आग स्वतःकडे ठेवली होती. माणसे थंडीत कुडकुडत, कच्चे खात. याने ती आग चोरून माणसांना दिली. राजाने त्याला कड्याला साखळदंडाने बांधले. एक पक्षी रोज येऊन त्याचे काळीज खाई, आणि ते पुन्हा वाढे.

"ही गोष्ट फार जुनी," मास्तर मुलांना म्हणाले. "पण दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज कवींनी ती उचलली ती त्यांच्या काळातल्या राजांसाठी. राजाला जुलमी म्हटले तर तुरुंग. मग देवांच्या राजाला म्हणायचे. ज्याला समजायचे त्याला समजते."

मला राहवले नाही. मी दारात येऊन विचारले, "मास्तर, त्याच इंग्रजांनी आमच्यावर दीडशे वर्षे राज्य केले ना?"

ते हसले. "म्हणून तर वहिनी, मी शिकत होतो तेव्हा ही कविता आम्हाला वगळायला लावत."

उत्तर चांगले होते. चांगली उत्तरे तयार असणाऱ्या माणसाची मला भीती वाटते.

मांगरातून भाऊही ते ऐकत असे. पडवीची मागची भिंत कुडाची होती, आवाज सरळ पोचे. त्याचा ताप उतरला होता आणि तोंड चालू झाले होते.

"ताई गो, ह्यो माणूस आमच्यातलो. तेका सांगूया. पत्रका न्हेवक माका माणूस होयो आसा."

"कविता म्हटल्यान म्हणान माणूस आपलो होता काय?"

"असली कविता दुसरो कोण शिकवीत?"

"दुसऱ्याचा तोंड उघडूक जेका होया, तो," मी म्हटले. "गप पेज खा."

त्याला राग आला. त्याला माणसे लगेच आवडत, हा त्याचा जन्माचा दोष. मास्तरांच्या गोष्टीतला एकच भाग मला उपयोगाचा वाटला होता. देवांच्या राजाला एक गुपित हवे असते: त्याला गादीवरून कोण खाली ओढणार, हे बांधलेल्याला ठाऊक असते. राजा दूत पाठवतो: सांग आणि सूट. हा सांगत नाही. चोरी काय, कोणीही करील.

मग मास्तरांनी मुलांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमच्या वाडीत विस्तव कोण कोणाकडे मागते? सकाळी कोणाची चूल आधी पेटते? कधी मागायचा नाही? मुले ओरडून ओरडून सांगत होती. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि माझ्या हातातले तांदूळ निवडायचे राहून गेले. वाडीतली कोणती चूल कधी पेटते हे ज्याला कळले, त्याला कोणत्या घरात माणूस वाढला तेही कळते. कवितेला याची काय गरज?

"आणि कोणी विस्तव दिलाच नाही तर?" मास्तरांनी विचारले.

शेजारणीची मुलगी पटकन म्हणाली, "वैनी देना नाय!"

सगळी पोरे हसली. मास्तर हसले नाहीत.

ते खरे होते. काड्यापेटी तेव्हा घरोघर होती, पण चुलीसाठी काडी ओढणे हा उधळेपणा समजत. सकाळी करवंटीत विस्तव आणायचा, शेणीवर ठेवून फुंकायचा. शेजारीण रोज माझ्याकडे येई ती मागच्या दाराने, आणि मागच्या दारातून मांगर समोर दिसतो. भाऊ आला त्या दिवशी मी तिला सांगून टाकले की माझा नवस आहे, दिवाळीपर्यंत घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही. त्या वेळी मला ते हुशारीचे वाटले होते.

भात उकडायच्या दिवशी ती करवंटी घेऊन विस्तव मागायला सरळ खळ्यात आली. बाजाराला जाणारी माणसे वाटेवरून जात होती.

"वैनी गो, वायच उजो दी."

"नवस आसा मां माझो."

"तो घरातल्या उज्याचो. ह्यो खळ्यातलो. खळ्यातल्या उज्याक नवस लागना नाय."

"चूल माझी ती माझीच. घरात काय, खळ्यात काय."

"बरा, मगे एक काडी दी."

"काडी म्हणजे पण उजोच."

आज दिला तर उद्या ती पुन्हा मागच्या दारात उभी राहील, एवढेच माझ्या डोक्यात होते. तिने माझ्याकडे पाहिले, पुरुषभर उंचीच्या जाळाकडे पाहिले आणि कमरेवर हात ठेवला.

"माझा चेडू सांगत होता," ती आपल्या मुलीचा हवाला देत, वाटेवरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोणी एक देवांचो राजा होतो मेलो, सगळो उजो आपल्याकडे दाबून बसलेलो. माका वाटला, असो खंय कोण आसता? आज बघलंय. तो लुगडा नेसता आणि खळ्यात भात उकडता!"

वाटेवरचे हसले. एकाने विचारले, "खंयच्या देवान गो असलो नवस घेतल्यान?" मी पळी घेऊन भात ढवळत राहिले. शेजारीण करवंटी आपटून गेली. तिचा राग मला लागला नाही, पण लोक हसता हसता थांबून माझ्या घराकडे पाहू लागले ते मला दिसले. आमच्याकडे वैरी असला तरी विस्तवाला नाही म्हणत नाहीत. नाही म्हणण्याने मी घरावर झेंडाच लावला होता.

मास्तर पडवीत वह्या तपासत बसले होते. शनिवार असल्याने शाळा सकाळची होती आणि ते लवकर परतले होते. त्यांनी सगळे ऐकले होते. जेवून ताट धुताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, एक सांगू? विस्तव द्यायला लागा. दिल्याने कोणी काही पाहत नाही. न दिल्याने पाहतात."

"काय पाहतात?" मी विचारले.

"ते मला ठाऊक नाही. मला सांगूही नका."

ते हात पुसत निघून गेले. मी तिथेच उभी राहिले. इतके ज्याच्या लक्षात येते तो एक तर आपला असतो, नाही तर कोणाचा तरी पगारी. दोघेही बोलतात सारखेच. कोणता ते ठरवत बसायला माझ्याकडे वेळ नव्हता.

मांगरात जाऊन मी भावाला सांगितले, "आज दिस बुडाच्या आधी निघ."

"आज? माणूस परवा येतलो मां होडी घेवन."

"परवापर्यंत अख्ख्या बाजाराक म्हायत होतला. होडयेची वाट बघू नको. वरच्या अंगाक पाणी कमी आसा, थंयसून उतर."

"मास्तराक एकदा भेटलंय असतंय—"

"भेटूचा नाय. तू बरो माणूस ओळखतंस म्हणान माझ्या बापाक पोलीस न्हेवचे नाय माका."

वडिलांचे नाव निघाले तेव्हा तो उठून पत्रके गोळा करू लागला.

कापणीचे दिवस होते. संध्याकाळी नदीकाठच्या शेतांतून माणसे गवताचे भारे घेऊन येत-जात. भारा डोक्यावर असला की कमरेच्या वर माणूस दिसतच नाही. मी मांगरातल्या गवताचा मोठा भारा बांधला. पत्रके आत होती. एकच अडचण होती. मांगराकडून नदीकडे जाणारी वाट पडवीच्या कोपऱ्यावरून दिसते, आणि त्या वेळी मास्तर मुलांना शिकवून झाल्यावर तिथेच येऊन उभे राहत.

मुले वह्या आवरायला लागली तेव्हा मी पडवीत गेले. हात ओले, पदर खोचलेला.

"मास्तर, ती आगीची गोष्ट मला नीट कळली नाही. पहिल्यापासून सांगा. कवितेसकट."

मुले आश्चर्याने बघू लागली. मास्तरांनीही बघितले, जरा जास्तच वेळ. मग पुस्तक उघडून ते वाटेकडे पाठ करून बसले. एरवी ते वाटेकडे तोंड करून बसत.

त्यांनी इंग्रजी कविता वाचली, मोठ्या आवाजात, जरुरीपेक्षा मोठ्या. सासूबाईंनासुद्धा ऐकू गेली. त्यांनी विचारले, "कोण गेला गो?" मास्तर थांबले नाहीत. कडा, साखळ्या, पक्षी, राजाचा दूत सगळे क्रमाने आले. त्यांच्या खांद्यावरून मला वाट दिसत होती. गवताचा एक भारा चालत गेला, वळणावर माडांआड झाला. मी विचारले, "मग शेवटी त्याने सांगितले का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "कवींना त्याचे तेवढेच तर आवडले."

भाऊ सुखरूप पोचला. वडिलांना कोणी हात लावला नाही. गोवा सुटल्यावर तो माझ्याकडे आला तेव्हा पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आधी त्याने मास्तरांची चौकशी केली. पण ते पुढच्या उन्हाळ्यातच बदली होऊन गेले होते. "मी सांगलेलंय तुका, तो आमच्यातलो," भाऊ म्हणाला. असेल. त्या दिवशी त्यांनी पाठ फिरवली ती समजून, की संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत होते म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. रविवारी ते नदीवर कशाला जात तेही मला कळलेले नाही. मी त्यांना विचारले नाही आणि त्यांनी मला विचारले नाही.

भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी मांगरातली राख भरून केळीच्या मुळाशी टाकली, तीन दगड तीन ठिकाणी ठेवले, जमीन सारवली. मग घरातली चूल पेटवली आणि चांगले लाल निखारे करवंटीत घेऊन शेजारणीला हाक मारली.

"काय गो, नवस फिटलो?" ती मागच्या दाराशी येऊन म्हणाली.

"फिटलो."

तिने करवंटी घेतली आणि माझ्या खांद्यावरून मांगराकडे पाहिले. मी बाजूला झाले. मांगराचे दार मी सताड उघडे ठेवले होते.