तळ दिसेपर्यंत

पनवेलच्या ज्या सोसायटीत मी तरणतलावाचं पाणी सांभाळतो, तिथे पोहणारे पुष्कळ आहेत. पण माझं लक्ष असतं ते न पोहणाऱ्या एका बाईंकडे. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांचे गुडघे गेलेले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. तेव्हापासून रोज सकाळी त्या उथळ बाजूला कठडा धरून चालायच्या. हिवाळा सरता सरता त्यांची काठी सुटली, आणि बक्षीस जणू मलाच मिळालं.

मी नववीतून शाळा सोडलेला, पुसदकडच्या खेड्यातून इतक्या लांब आलेला. इथे नवीन असताना तापाने पंपरूममध्ये पडलो होतो, तेव्हा खालांनी डबाभर गरम पेज आणि लोणच्याची फोड पाठवली होती. ओळख ना पाळख. ती पेज मी विसरू शकत नाही.

उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवर दगड फोडायला लागले आणि धूळ उडून तलावात येऊ लागली. आमच्या तलावाचं पाणी पंपाने ओढून वाळूच्या मोठ्या टाकीतून जातं, घाण वाळूत अडकते, साफ पाणी परत येतं. वाळू तुंबली की उलटं पाणी सोडून तिला धुवायचं, त्याला बॅकवॉश म्हणतात. पण ही धूळ पिठासारखी बारीक, वाळूतून सरळ पार होणारी. बॅकवॉश करून करून मी दमलो. पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं ते झालंच.

खालांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबल्या.

"बेटा, माझे पाय कुठे गेले?"

"आहेत खाला, पाण्यातच आहेत."

"ते अल्लाला ठाऊक आणि तुला. मला दिसायला नकोत?"

बाथरूममध्ये एकदा घसरल्यापासून, दिसत नाही तिथे त्या पाय टाकत नाहीत. त्या दिवशी बाकावर बसून परत गेल्या. पुढचे काही दिवस येऊन नुसत्या बघून जात. मग एका सकाळी काठी टेकत आल्या. काठीचा टक टक आवाज मला पंपरूमपर्यंत ऐकू आला.

त्याच संध्याकाळी मी तुरटी आणली. आमच्या गावी विहिरीचं पाणी गढूळ आलं की आई घागरीत तुरटीचा खडा फिरवायची. मीही तुरटी विरघळवून पाण्यावर शिंपडली आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन फिरवत बसलो. पंपही चालूच ठेवला. म्हटलं, जितकं फिरवू तितकं साफ. सकाळी बघतो तर तलावात दूध ओतल्यासारखं पाणी, आणि वाळूच्या टाकीवरचा प्रेशरचा काटा लालात.

मी आमच्या दादांना फोन लावला. ते जवळच्याच जासई गावचे, बऱ्याच सोसायट्यांचे तलाव बघतात, मला काम त्यांनीच शिकवलं. आले, पाणी बघितलं, मग माझ्या हातातल्या ब्रशकडे.

"कवापासून घोटतोस? बासुंदी करायची हाय का?"

मी तुरटीचं सगळं सांगितलं.

त्यांनी वाळू धुतली, तुरटीने वाढलेला पाण्याचा आंबटपणा मोजून त्यात सोडा टाकला, परत थोडी तुरटी शिंपडली आणि पंप बंद केला. चेअरमनना सांगून गेटवर 'आज बंद' अशी पाटी लावली. मला वाटलं, आता ब्रश. तर त्यांनी ब्रश पंपरूममध्ये टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"चल, बस गाडीवर. तू हितं राहिलास तर पान्याला बसू देनार नाय."

जासईला त्यांच्या घरी जेवलो. जेवण झाल्यावर ते मला कंटेनरच्या यार्डामागे घेऊन गेले. तिथे त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं म्हणे. आता नुसते बांध उरलेत, त्यांवर बगळे.

"कोंडीत, म्हंजे मिठाच्या वाफ्यात, पानी घेतलं की बाबा आमाला बांधावरच बसवायचा," ते म्हणाले. "पाय घातला तर शिव्या. आमी पोरं नुसती बगत बसायचो. मीठ आपोआप धरतं."

माझं मन तरी तलावावरच. न राहवून आईला फोन केला, विचारलं, तू तुरटी किती वेळ फिरवायचीस?

आई हसली. "फिरवाले किती वेळ लागते रे? दोन वेढे. मंग घागर झाकून मी वावरात जात होती ना. संध्याकाळी येऊन पाहात होती."

खरंच की. फिरवणं तेवढं माझ्या ध्यानात राहिलं होतं. झाकलेली घागर मी विसरलोच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर परतलो, तेव्हा कुलूप उघडण्याआधी दादा म्हणाले, "आधी बग." तलावाच्या तळाला राखेसारखा थर बसला होता आणि वरचं पाणी असं, की खोल बाजूच्या जाळीची भोकं मोजून घ्यावीत. ती राख वाळूत न जाऊ देता व्हॅक्युमच्या पाइपने थेट गटारात सोडायची होती. झोपलेल्या पोराच्या अंगावरची माशी हाकलावी, तसा अलगद मी दांडा सरकवत राहिलो. हात भरून आला तरी घाई केली नाही. मग कमी झालेलं पाणी भरून पंप सुरू केला.

त्याच्या दुसऱ्या सकाळी खाला आल्या. काठी बाकाला टेकवली, पायरीवर उतरल्या, वाकून बघत राहिल्या.

"ही करंगळी वाकडी आहे बघ माझी. दिसते."

"दिसते ना, खाला?"

"सगळं दिसतं. तो कोपऱ्यातला केर पण दिसतो."

कोपऱ्यात मूठभर राख राहिली होती. माझा हात ब्रशकडे गेला. पण खाला दुसऱ्या पायरीवर होत्या, तिसरीवर पाय टाकत होत्या. मी ब्रश भिंतीला लावला आणि बाकावर, त्यांच्या काठीशेजारी, बसून राहिलो.