‘नाही’ची चौकट

“हे संमतीपत्र आहे की भाजीबाजारातली हाळी?”

मॅडमनी माझा कागद दोन बोटांत धरून विचारलं. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मी उभी होते. समोर खुर्ची रिकामी होती, पण बसा असं कोणी म्हटलं नाही.

अमरावतीच्या एका कॉलेजातली एथिक्स कमिटी. माणसांवर संशोधन करायचं तर आधी यांची मंजुरी लागते. ज्याला प्रश्न विचारायचे त्याच्यावर जबरदस्ती होत नाही ना, हे यांनी पाहायचं. मॅडम अध्यक्ष. त्यांनी माझी वऱ्हाडी मोठ्यानं वाचली, मुद्दाम हेल काढून. “‘वाटलं त सांगा, नाई वाटलं त नका सांगू.’ अहो ताई, ते सैनिक आहेत. वांगी नाहीत.”

आई अकोल्याच्या बाजारात बसते आणि एम.ए. होईपर्यंत मीही तिथंच बसले, हे त्यांना माझ्या गाईड सरांनी सांगितलं होतं. कौतुकानं. कौतुकाचं असं होतं.

माझा विषय साधा होता. सैन्यातून निवृत्त होऊन आलेली आणि आता बँकेच्या, दवाखान्याच्या दारावर वॉचमन म्हणून उभी असलेली माणसं. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अमरावती. झोप लागते का, राग कोणावर निघतो, घरात कोणाशी बोलतात. आमच्या गल्लीतले हवालदार काका पलटणीतून परतल्यावर कितीतरी वर्षं बायकोशीसुद्धा धड बोलले नव्हते. विषय त्यांच्यापासून निघाला. त्या दिवशी ते माझ्यासोबत आले होते. कमिटीला काही विचारायचं असेल तर समोर माणूस असावा म्हणून. ते बाहेर बाकावर बसले होते. त्यांना कोणी आत बोलावलं नाही.

डोकं तापलं होतं. पण त्याच बैठकीत मंजुरी मिळाली नाही तर माझ्या पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपणार होती. तीन वर्षं पाण्यात. मी राग गिळला आणि बाजारासारखी घासाघीस सुरू केली. ते मला येतं. समोरचा कुठं थांबणार हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळतं. दारूबद्दलचा प्रश्न सोडला, झोपेचा ठेवला. पंचवीस माणसांची पंधरा केली. कागद शुद्ध मराठीत करून देते म्हटलं. मॅडम जरा निवळल्या.

मग मी हुकमाचं पान टाकलं. अकरा सह्या.

बाजारात माल उतरायच्या आधी गिऱ्हाईक बांधून ठेवतात. मीही तेच केलं होतं. माजी सैनिकांच्या महिन्याच्या सभेत गेले, तिथल्या सुभेदारसाहेबांना विषय सांगितला. त्यांनी उभ्या उभ्या हुकूम दिला आणि पाच मिनिटांत अकरा कागद भरून आले. नंबर, हुद्दा, नाव, सही. एकाच पेनानं. मला कोण अभिमान.

मॅडम म्हणाल्या, मंजुरीआधी सह्या घेताच येत नाहीत. पण कमिटीतले निवृत्त कर्नलसाहेब खूश झाले. याला शिस्त म्हणतात, ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी सौदा मांडला. “मी सांगितलं तर अकराच काय, शंभर जण सह्या करतील.” अट एकच. “मुलाखतीला मी समोर बसेन. माझी माणसं आहेत ती.”

मॅडमनी मान हलवली. एवढं मान्य असेल तर मंजुरी आजच.

चांगला सौदा होता. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. का कोण जाणे, दहा मिनिटं मागितली.

कर्नलसाहेब माझ्या मागोमाग व्हरांड्यात आले. काका त्यांना ओळखत नव्हते. पण साहेबांची चाल बघितली आणि ताडकन उभे. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले. साहेबांनी नावही विचारलं नाही. गाडीची चावी पुढं केली आणि चष्मा आणायला सांगितला. काका धावले. साठी ओलांडलेला माणूस, गुडघा गेलेला, जिना उतरून धावत गेला आणि धावत आला. साहेबांनी चष्मा घेतला आणि ते आत गेले.

काका धापा टाकत बसले. त्या अकरा कागदांत त्यांचाही एक होता. मी विचारलं, “काका, त्या दिवशी माहा कागद वाचला होता काय तुमी?”

“वाचाले काय? सुभेदारसाहेब म्हनले सही करा. केली.”

“पन नाई म्हनता येत होतं ना.”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जशी मीच येडी.

“नाई म्हनाले जागा कुठं होती, पोरी?”

खरंच नव्हती. कागदावर सहीची एक रेघ होती, बस. मला एकदम शरम वाटली. आत सगळे हसले तेव्हा वाटली नव्हती एवढी. मी त्या अकरा जणांना विचारलंच नव्हतं. हुकूम दिला होता, सुभेदाराच्या तोंडून. कर्नलसाहेब आणि मी एकाच बाजूला उभे होतो.

आत गेले. या वेळी आवाज चढला, चढू दिला. म्हटलं, साहेब समोर बसले तर ती मुलाखत नाही, हजेरी आहे. साहेब बसणार नाहीत. आणि या अकरा सह्यासुद्धा खोट्या आहेत, त्या मी परत नेते.

मॅडम म्हणाल्या, “विचार करा. वर्ष जाईल.”

“जाऊ द्या,” मी म्हटलं.

वर्ष गेलं. नोंदणी रद्द झाली. गाईड सर महिनाभर बोलले नाहीत. मी जीपनं, एसटीनं अकरा घरी फिरले आणि ज्याचा त्याला कागद परत दिला. माझी चूक झाली म्हणून सांगितलं. दर्यापूरच्या एकानं तो माझ्यासमोरच फाडला. मूर्तिजापूरच्या एकाच्या बायकोनं विचारलं, मले इचारान काय? मी तिचंही नाव लिहून घेतलं.

शेवटी काकांकडं गेले. नवा कागद आणि त्याचा वऱ्हाडी मजकूर वाचून दाखवला. त्यात आता दोन सारख्या चौकटी आहेत, एक हो, एक नाही. मंजुरी मिळाली तर हा कागद घेऊन येईन, म्हटलं. काकांनी कागद हातात घेतला आणि दोन्ही चौकटींवरून बोट फिरवलं.

“मंग माहं नाई धर,” ते म्हणाले.

ज्या माणसापासून विषय निघाला, तोच गेला. लागलं. जोरात लागलं. पण ‘कावून’, का म्हणून, असं मी विचारलं नाही.

नव्यानं नोंदणी केली आहे. सोमवारी त्याच कमिटीपुढं पुन्हा अर्ज देते आहे. वऱ्हाडी मजकूर तसाच, एक अक्षर न बदलता. खोलीत कोणीही अधिकारी नको, ही अट पहिल्या पानावर. त्यांना नाकारायचं तर त्यांनी नाकारावं, पण लेखी आणि कारणासहित. नकार आला तर तो कागद मी त्या अकराही घरी नेणार आहे आणि ओळ न ओळ वाचून दाखवणार आहे.