कॉफी सोडलेल्या दोघी

कॉफी सोडायला अख्खं जग पडलं होतं, पण मी ती सोडली ब्राझीलमध्ये. नवरा म्हणाला, "ह्यालाही डोकं लागतं!" आणि तो काही कौतुक करत नव्हता.

झालं होतं असं. आम्ही न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहतो. चौदा वर्षं झाली. घर इथे, नोकऱ्या इथे, पोरगी इथलीच. पण आम्हा दोघांचा व्हिसा कामाचा, त्यामुळे अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं की पासपोर्टवर नवा शिक्का मारून घेतल्याशिवाय परत आत येता येत नाही. हिवाळ्यात पुण्याला भाचीचं लग्न होतं. भारतात शिक्क्यासाठी तारीखच मिळेना. तेव्हा नवऱ्यानं डोकं चालवलं. म्हणाला, "आधी साओ पावलोला जाऊ. तिथे तारखा आहेत. चार दिवसांत शिक्का घेऊन परत, मग लग्नाला निर्धास्त." भारतात अडकू नये म्हणून आम्ही ब्राझीलला गेलो आणि तिथे अडकलो. असला उपद्व्याप आमच्यासारखेच करू जाणे.

तिथल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत दोन मिनिटांत झाली. पासपोर्ट ठेवून घेतले आणि तीन-चार दिवसांत मिळतील म्हणाले. आठ दिवस झाले तरी पत्ता नाही. नऊ वर्षांची आमची मुलगी शेजारच्या नागपूरच्या काकूंकडे होती. काकू तिला माझ्यापेक्षा चांगलं खायला घालत होत्या, प्रश्न तो नव्हताच. पहिले चार दिवस ती व्हिडिओ कॉलवर नाचून दाखवत होती. आठव्या दिवशी नुसती बघत बसली आणि म्हणाली, "आई, जस्ट टेल मी द डेट." माझ्याकडे तारीख नव्हती. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण असाच शिक्क्यासाठी गेला होता, तो पाच महिने बाहेर अडकला होता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याचं नाव काढत नव्हतो.

कॉफी मी पाचव्या दिवशीच सोडली होती. पासपोर्ट हातात पडेपर्यंत घोटसुद्धा घ्यायचा नाही. एरवी मला दिवसाला पाच कप लागतात. पुण्याहून आई फोनवर ओरडली, "अगं, वाल सोड, वांगं सोड! कॉफी सोडून तुझं कसं व्हायचं?" पण नवसात आवडतं तेच सोडायचं असतं. आमच्या एका आत्यानं जन्मभर कारलं सोडलं होतं, तिला कुठला देव पावणार?

नवव्या दिवशी सकाळी नवऱ्यानं जाहीर केलं, "मी टूर बुक केलीय. प्रायव्हेट गाईड, आठ तास, फक्त आपण दोघं."

माझं डोकंच सरकलं. "तिकडे पोरगी वाट बघतेय आणि आपण इथे मजा मारत फिरायचं? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? इथे कोण ओळखतं तुला?"

"मी ओळखते ना!"

"हे बघ, तू दर दोन मिनिटांनी ते पान रिफ्रेश करतेस. त्यानं पासपोर्ट लवकर येत नाही, फोनची बॅटरी तेवढी जाते."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. चपला सरकवल्या आणि निघाले.

गॉगल लावलेला कुणीतरी चटपटीत तरुण असेल असं मी धरून चालले होते. लॉबीत उभ्या होत्या साठी ओलांडलेल्या एक बाई. बुटक्या, बारीक कापलेले पांढरे केस, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात कुठल्याशा संताचं पदक. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. इंग्रजी तोडकंमोडकं, पण आवाज असा की शेवटच्या बाकावरचाही ताठ बसेल. पहिल्या पाच मिनिटांत मी मनातल्या मनात त्यांना 'बाई' म्हणायला लागले आणि त्या मला 'मिन्या फिल्या' म्हणायला लागल्या, म्हणजे माझी पोरगी. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

गाडी त्यांचीच, छोटी पांढरी, चालवायच्याही त्याच. एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं शहर. रुंद हमरस्त्यावर लाल खांबांनी उचलून धरलेलं म्युझियम दाखवलं. जुन्या भागात गाडी लावून पायी नेलं आणि एकदम थांबून म्हणाल्या, "खाली बघा!" फुटपाथच्या काळ्या-पांढऱ्या फरश्यांत एक आकार पुन्हा पुन्हा जोडलेला होता. तो त्यांच्या राज्याचा नकाशा. "आम्ही रोज भूगोलावरून चालतो," म्हणाल्या. मग आमची परीक्षा घेतली, समुद्र कुठल्या बाजूला ते विचारलं. नवऱ्याचं चुकलं.

नवऱ्याच्या पोटावर बॅकपॅक होती, उलटी घातलेली. त्यात फाइल. पासपोर्ट सोडून आमचा सगळा जन्म त्या फाइलमध्ये होता. ऑफिसची पत्रं, लग्नाचा दाखला, दहावीची मार्कशीट, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. हॉटेलात ठेवायला त्याचा जीव होत नव्हता. बाईंनी एकदा विचारलं, "आत काय आहे?" "डॉक्युमेंट्स," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे फार मायेनं बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. मला तेव्हा त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

दुपारी मोठ्या बाजारात गेलो. फळांचे नुसते डोंगर. विक्रेते आग्रह करकरून फोडी हातावर ठेवत होते. तिथे लाल-पिवळी काजूची बोंडं दिसली आणि नवरा ओरडलाच, "अगं, बोंडं! आमच्या कोकणातलं फळ!"

"तुमचं?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हे आमचं. पोर्तुगीज इथून तुमच्याकडे घेऊन गेले."

"शक्यच नाही. माझ्या आजोबांची मालवणला काजूची बाग होती!"

"बाग आजोबांची. झाड आमचं," बाईंनी निकाल देऊन टाकला. नवऱ्यानं तिथल्या तिथे फोनवर शोधलं आणि त्याचं तोंड असं काही पडलं की मी खो खो हसले. नऊ दिवसांत पहिल्यांदा. आणि हसता हसताच मला काकूंच्या स्वयंपाकघरात नुसती बसलेली माझी पोर दिसली आणि हसू तोंडातच राहिलं.

बाजाराजवळ कॉफीचं एक जुनं दुकान होतं. आत शिरताच त्या वासानं माझे प्राण कासावीस झाले. बाईंनी नवऱ्यासाठी कॉफी मागवली. माझ्याकडे वळल्या तशी मी मान हलवली. "साओ पावलोत येऊन कॉफी नाही?" बाईंनी विचारलं. दुकानदाराला तर तो स्वतःचाच अपमान वाटला असावा. शेवटी मी जमेल तसं सांगितलं. आमच्यात असं करतात. देवाला शब्द द्यायचा, आवडती गोष्ट सोडायची, काम होईपर्यंत.

मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "प्रॉमेसा." त्यांच्याकडेही हेच, फक्त शब्द वेगळा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्यासमोरही नुसता पाण्याचा ग्लास होता. सकाळपासून तीन ठिकाणी कॉफी झाली होती नवऱ्याची, बाईंनी कुठेच घेतली नव्हती.

"तुम्ही किती दिवस?" मी विचारलं.

"अकरा वर्षं."

त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत होता. पर्यटक म्हणून गेला आणि तिथेच राहिला. कागद नाहीत. बाथरूमच्या फरश्या बसवतो. लग्न केलं, मुलगी झाली, ती आता पाच वर्षांची. एकदा बाहेर पडला तर परत आत येता येणार नाही, म्हणून तो इकडे येत नाही. बाईंनी दोनदा व्हिसा मागितला, दोन्ही वेळा नकार. तो गेला त्या सकाळी दोघांनी ह्याच दुकानात कॉफी घेतली होती. "ती शेवटची," म्हणाल्या. "तो समोर बसेल तेव्हा पुढची."

आता आमचा माणूस शांत बसेल तर शपथ. कुणाचं काम अडलंय कळलं की त्याच्या अंगात येतं. फाइल काढली, टेबलावर मांडली, आणि समजावायला लागला. बँकेचं स्टेटमेंट कुठे लावायचं, घराची कागदपत्रं कुठे, आधी काय द्यायचं, मग काय. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण तो रंगात आला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या हातावर हात ठेवला.

"त्यांनी कागद बघितलेच नाहीत," म्हणाल्या. "एकच विचारलं, मुलगा कुठे आहे? मी खरं सांगितलं."

नवऱ्यानं एकेक कागद परत फाइलमध्ये घातला. मला माझ्या चार दिवसांच्या नवसाची लाज वाटली.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मुलगा अमेरिकेत कुठे असतो?" न्यूअर्क. आमच्या घरापासून तासाभराच्या आत. मग जे आपल्याकडे कुणीही विचारतं तेच माझ्या तोंडून निघालं, "त्याच्यासाठी काही द्यायचंय का? आम्ही नेऊ." पुण्याहून परत येताना आमच्या बॅगेत निम्मं सामान दुसऱ्यांच्या मुलांसाठी असतं, मेतकूट काय, चकल्या काय. बाईंना हे नवीन होतं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि उद्या सकाळी काहीतरी घेऊन येते म्हणाल्या.

"पण त्याला कॉफीचं सांगू नका," म्हणाल्या. "कळलं तर सगळं टाकून येईल. मग ती छोटी बापाशिवाय राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हॉटेलात हजर, हातात पुडकं. पेरूच्या घट्ट वडीच्या दोन लाद्या, केळीच्या पानात बांधून वर प्लास्टिक. मी म्हटलं, "बाई, आमचे पासपोर्ट अजून आले नाहीत हो. आम्हीच कधी जाणार कुणास ठाऊक."

"येतील," त्या म्हणाल्या. "तुमची पोरगी वाट बघतेय." आणि मला जवळ घेतलं. मी तिथेच लॉबीत भोकाड पसरून रडले. नवरा फाइल धरून उभा.

पासपोर्ट त्याच्या दुसऱ्या दिवशी आले. विमानतळावर नवऱ्यानं न विचारता माझ्यासाठी कॉफी आणली. नवस फिटला होता, घ्यायला हरकत नव्हती. मी घेतली, पण गोड लागली नाही. घरी पोहोचलो तर काकूंच्या दारातून आमची पोरगी धावत आली आणि माझ्या पोटात डोकं खुपसून उभी राहिली. तारीख वगैरे काही विचारलं नाही. त्या रविवारी आम्ही तिघं न्यूअर्कला गेलो.

बाईंचा मुलगा दारातच उभा होता. आईसारखाच बुटका, आवाजही तसाच. त्याची छोटी आमच्या मुलीला ओढत आत घेऊन गेली. त्यानं पुडकं उघडलं, वास घेतला आणि पुन्हा बांधून ठेवलं. मग आम्हाला बसवलं आणि म्हणाला, "आईनं काय काय दाखवलं? पहिल्यापासून सांगा."

नवरा खुलला. फुटपाथचा नकाशा सांगितला, परीक्षेत नापास झाल्याचं सांगितलं, काजूचा खटला तर दोन्ही बाजूंनी करून दाखवला. मुलगा डोळे पुसत हसत होता. मधेच एखाद्या कोपऱ्यावर काय होतं ते विचारायचा. तिथलं पिवळं घर अजून आहे का, चढावरचं झाड आहे का. आम्हाला आठवेल तेवढं आम्ही सांगितलं. आठवलं नाही तिथे 'आहे' असंच म्हणालो.

त्यानं आमच्यासाठी कॉफी केली. मला कप देताना थांबला.

"बाजाराजवळच्या दुकानात नेलं असेल ना तिनं? नेणारच. जीव आहे तिचा तिथल्या कॉफीवर." आणि मग अगदी सहज विचारलं, "घेतली तिनं तुमच्याबरोबर?"

नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. त्यानं कपात तोंड घातलं.

"घेतली की," मी म्हणाले. "दोन कप."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मग ती बरी आहे," म्हणाला. "फोनवर काहीच कळत नाही हो. पण कॉफी पितेय ना, मग ती बरी आहे."