डोळे मिटायचा तास

सुंदरराव गुरुजींचं नाव ज्यानं ठेवलं, त्यानं त्यांना वर्गात पाहिलं नसावं. तेलगावच्या पलीकडं आमची शाळा. पाचवी त्यांच्याकडे, भिंतीपलीकडची चौथी माझ्याकडे. गणित शिकवावं तर त्यांनीच, पण पारा सदा चढलेला. चुकलेल्या पोराला म्हणायचे, "डोळे मीट, हात पुढं कर." मग पट्टी. मला ते कधीच पटलं नाही, आणि मी ते तोंडावर सांगितलंही होतं.

मागल्या आठवड्यात पाचवीतल्या तेजश्रीच्या तळहातावर वळ उठला. तिची आई छबुबाई शाळेत आली. आवाज न चढवता म्हणाली, "गुरुजी, पुन्ना हात लावला तर पोरगी शेळ्यामागं धाडीन. शाळा बंद." गुरुजींचा चेहरा उतरला. वर्गात सगळ्यात हुशार तीच होती.

त्याच दिवसांत तालुक्याला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. परिपाठानंतर थोडा वेळ डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायचं, पोरांनी आणि शिक्षकांनीही. गुरुजी मनापासून शिकून आले. सोमवारी मी मुद्दाम त्यांच्या दारात उभी राहिले.

"आज अभ्यास न्हाई," ते मऊ आवाजात म्हणाले. "सगळ्यांनी डोळे मिटा."

सगळ्या वर्गानं डोळे मिटले आणि हात पुढे केले.

तळवे वर, माना आत ओढलेल्या.

"अरे, हात खाली घ्या." कुणी घेईना. हात मागं घेतला की दोन पट्ट्या जादा, हा नियम त्यांचाच. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. आता हे भडकणार, आणि तेजश्रीची शाळा सुटणार, याची मला खात्रीच वाटली.

गुरुजी पोरांसमोर फरशीवर बसले. "तुमी डोळे उघडा. आज मी मिटतो."

त्यांनी डोळे मिटले. तेजश्री उठली. टेबलावरची पट्टी तिनं उचलली. मी एक पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच थांबले.

"हात पुढं करा, गुरुजी."

त्यांनी केला. ती नुसती उभी राहिली. गुरुजींना घाम फुटला, पापण्या घट्ट आवळल्या.

बऱ्याच वेळानं तिनं पट्टी टेबलावर ठेवली. "दुखलं का?"

"मारलंच न्हाईस, तेजश्री."

"आमालाबी मारायच्या आदीच दुखतं, गुरुजी."

त्यांनी डोळे उघडले. हात मात्र तसाच पुढं राहिला. तो मागं कसा घ्यावा, हे त्यांना कळेना.